शेवटचा टाका

बदक ओव्हनमध्ये गेलं तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते, आणि तेव्हापासूनच ओटिलियाच्या पोटात कावळे ओरडत होते. रविवार, नवऱ्याचा, वेंडेलीनचा नामदिन (त्याच्या नावाच्या संताचा सण) आणि संध्याकाळी पाचला मॅच, असं तिन्ही एकाच दिवशी आलं होतं. अशा दिवशी सगळ्यांसाठी रांधायचं, सगळ्यांना आग्रह करकरून वाढायचं, आणि आपण मात्र कोरड्या पावाचा तुकडा पाण्यासोबत चघळत बसायचं. मॅचचा शेवटचा भोंगा होईपर्यंत.

हा नेम चौऱ्याहत्तर सालच्या फेब्रुवारीतला. आइस हॉकीच्या मॅचमध्ये रबराची चकती वेंडेलीनच्या जबड्यावर बसली होती, आणि इस्पितळाच्या पायऱ्यांवर बसून ओटिलियाने मारियामातेला सांगितलं होतं, ‘हा उठला, तर हा खेळेल त्या प्रत्येक दिवशी मी उपाशी राहीन.’ तेव्हा देवाधर्माच्या गोष्टी मोठ्याने बोलायचे दिवस नव्हते. संघ कारखान्याचा, आणि कारखान्यातल्या कम्युनिस्ट कमिटीचे कान लांब. म्हणून तिने पोटाचं दुखणं सांगितलं, आणि गावाने एकमताने तिला अल्सर बहाल केला. डॉक्टरांनी पांढरी पूड दिली. खोटं बोलल्याचं प्रायश्चित्त म्हणून ती तीही निमूट प्यायली.

सत्त्याऐंशी साली वेंडेलीनने स्केट्स खुंटीला लावले आणि ओटिलिया जेवू लागली. अकरा वर्षं रविवारचं बदक तिने घरातल्या इतर माणसांसारखं गरम खाल्लं. मग एका सप्टेंबरात मुलगा, कोर्नेल, घरी आला, अंगात बापाचीच चार नंबरची जर्सी. नवस फिटला असं ती समजून चालली होती. देवाने फक्त मध्यंतर दिलं होतं.

“ओटिलिया! ‘सन्माननीय’ म्हणताना शिट्टी वाजते गं!” न्हाणीघरातून वेंडेलीन ओरडला.

“मग ‘प्रिय’ म्हण.”

“त्यातही वाजते!”

आज मॅचच्या सुरुवातीलाच त्याचा नंबर छताला चढवायचा होता. हॉलमधले सगळे दिवे विझवायचे, एकच झोत सोडायचा, आणि नाव, नंबर न् वर्षं शिवलेलं मोठं कापड हळूहळू वर ओढून लोखंडी तुळईला टांगायचं. त्यानंतर तो नंबर दुसऱ्या कुणी घालायचा नाही. जिवंतपणी छताला टांगून घेण्यात केवढा मान असतो ते ज्यांचं त्यांनाच ठाऊक. वेंडेलीन गेले तीन आठवडे पुढच्या पाच दातांची कवळी घालून आरशासमोर भाषण करत होता. एकोणीस हंगाम त्याने लोकांचे फटके स्वतःच्या अंगावर घेतले, पण त्याला बोलायला कुणी सांगितलं नव्हतं. बचाव करणाऱ्याला कोण विचारतो? गोल झाला तर त्याची चूक, नाही झाला तर गोलकीपरचं कौतुक.

“अहो मानकरी,” स्वयंपाकघरात बटाटे सोलत बसलेली हेर्मिना म्हणाली, “तुझे एकूण गोल किती रे?” ती वेंडेलीनची थोरली बहीण. चौऱ्याहत्तर वर्षांची, जिभेला अजून एकही सुरकुती नाही.

“तेवीस.”

“त्यातले दोन आपल्याच जाळ्यात.”

“एक! दुसरा माझ्या पाठीला लागून गेला.”

“पाठ काय शेजाऱ्याची होती?”

ओटिलिया हसली आणि बदकावर रस सोडू लागली. वास नाकात शिरला तशी तिने मनातल्या मनात जपमाळेचा एक मणी पुढे सरकवला.

कोर्नेल बाराला आला. पायऱ्या चढताना त्याने कठड्याला हात लावला नाही, म्हणजे गुडघा दुखत होता. न दुखणारा माणूस कठडा धरतोच. त्याने बापाला मिठी मारली, आत्याच्या गालाचं चुंबन घेतलं आणि आईच्या हातात फुलं दिली.

“सोना न् मुली थेट हॉलवर येतील,” तो म्हणाला. सोना त्याची बायको.

“शुक्रवारी किती मिनिटं खेळवलं तुला?” वेंडेलीनने विचारलं.

“बाबा, निदान आज नामदिन तरी...”

“किती?”

“अकरा.”

“गेल्या साली अठरा होती. तू चकती अडवायला फार लवकर आडवा पडतोस. फटका मारणाऱ्याला आधी घाबरू द्यायचं, मग पडायचं.”

“तुमच्या वेळी चकती हळू यायची, बाबा.”

“म्हणून तर माझे पाच दात गेले! हळूहळू गेले ते!”

दोघं हसले. ओटिलियाने दोघांकडे पाहिलं. चौतीस वर्षांचा मुलगा आणि पासष्टचा बाप, दोघांच्याही डाव्या भुवईवर एकाच जागी टाक्याचा एकसारखा वण. नंबरावरून भांडण नव्हतं. कोर्नेल खेळतोय तोवर चार नंबर त्याच्याच अंगावर राहील, असा शब्द क्लबाने दिला होता. हे दोघांना शोभून दिसत होतं. बाप छताला, मुलगा बर्फावर.

साडेबाराला झेल्मिरा आली, कोर्नेलची मोठी बहीण. ती क्लबाच्या ऑफिसात होती, त्यामुळे आपल्या साहेबांनाच गाडीत घालून घेऊन आली. क्लबाचे अध्यक्ष बोहुमिल सिरोत्का हे या घरात मात्र नुसते बोहुश. वेंडेलीनच्या संघात पुढे खेळायचे. वेंडेलीन मागे आडवा पडून चकती अडवायचा, बोहुश ती घेऊन पळायचा आणि गोल करून हात वर करायचा. त्याच्या तोंडातले बत्तीसच्या बत्तीस दात अजून त्याचे स्वतःचे होते.

“वहिनी! काय वास सुटलाय!” त्याने खाकी कागदात गुंडाळलेलं लांबलचक पुडकं सोफ्यावर ठेवलं. “आधी जेवण, मग कापड. शेवटचा टाका तुमचा, ठाऊक आहे ना?”

ठाऊक होतं. या क्लबात आजवर दोनच नंबर वर गेले होते. पहिला एका गोलकीपरचा, तो गेल्यानंतर. त्याच्या विधवेने हट्ट धरला की किनारीचा शेवटचा टाका मी घालणार, त्याशिवाय कापड वर जाऊ द्यायची नाही. लोकांना ते इतकं भावलं की रिवाजच पडून गेला. शिवणाऱ्या बायका वीतभर किनार मोकळी सोडतात आणि ती घरची बाई शिवते. टाका पडल्याखेरीज कापडाला दोर लावत नाहीत. ओटिलियाने सुई-दोरा, चष्मा आणि छोटी कात्री सकाळीच खिडकीत काढून ठेवली होती.

जेवण रंगलं. शेवयांचं सूप झालं, बदक आलं, लाल कोबी आला, बदकाची चरबी चोपडलेल्या बटाट्याच्या पोळ्या आल्या. बोहुशने स्लिवोवित्साचा, आलुबुखाराच्या दारूचा पेला उचलला.

“वेंडो, तुझ्याशिवाय माझे दोनशे गोल झालेच नसते.”

“हे तू तेव्हा वर्तमानपत्राला का नाही सांगितलंस?”

“त्यांनी विचारलं नाही!”

मग बोहुशने ओटिलियाच्या ताटलीतल्या पावाकडे पाहिलं. “वहिनी, तुम्ही घेत नाही?”

“तिचं पोट,” वेंडेलीन तोंडातल्या घासासकट म्हणाला. “चाळीस वर्षं झाली.”

हेर्मिनाने ओटिलियाकडे एकवार पाहिलं आणि बदकाचा दुसरा पाय आपल्या ताटात ओढला.

मग टेबल रिकामं केलं, पुसलं, आणि बोहुशने पुडकं सोडलं. निळंशार कापड, टेबलाच्या दोन्ही बाजूंनी खाली लोंबत राहिलेलं. मधोमध पांढरा चार, माणसाच्या छातीएवढा. वर नाव, ‘तुर्चान’. खाली दोन सालं आणि मधे रेघ. वेंडेलीन पुढे झाला. त्याने बोटांची टोकं शर्टाला पुसली आणि त्या चाराच्या काठावरून फिरवली. तीन बोटं कधीच सरळ न झालेली, त्यामुळे ती कापडावरून अडखळत गेली. ओटिलियाला भरून आलं. एवढंसं हवं होतं या माणसाला, आणि त्यासाठी किती वर्षं तो नको नको म्हणत राहिला!

“एकोणीसशे अडुसष्ट,” हेर्मिना चष्मा लावून वाचू लागली, “ते दोन हजार चौदा. वा! आमच्याकडे अजून तेराच चालू आहे. वेंडो, तू पुढच्या वर्षीपर्यंत खेळणार आहेस की काय?”

सगळे हसले. वेंडेलीन सगळ्यात मोठ्याने. “शिवणारीला कळलं असेल माझा दम किती आहे ते!”

“सत्त्याऐंशी हवं होतं,” झेल्मिरा कपाळाला हात लावत म्हणाली. “अरे देवा. हे माझ्याकडून झालं.”

“तुझ्याकडून कसं?” कोर्नेलने विचारलं.

“फोन आला होता, चार नंबरची सालं सांगा म्हणून. आपल्या सामानवाल्या काकांची जर्सीची वही नाही का? नंबराला एक पान. कुणी घेतली, कधी परत केली. मी चारचं पान काढलं. पहिलं साल सांगितलं, शेवटचं सांगितलं. बाबा न् तू एकाच पानावर आहात ना. काकांनी नवं पान केलंच नव्हतं. म्हणाले असतील, तुर्चान गेला, तुर्चान आला.”

ती हसत होती. बोलता बोलता तिचं हसणं पातळ होत गेलं.

“पण मी तर अजून परत केली नाही,” कोर्नेल म्हणाला.

ओव्हनचं दार गार होताना कडकड वाजतं तेवढं वाजलं.

“माझ्या नावापुढे चौदा कुणी लिहिलं, ताई?”

झेल्मिराने आपल्या साहेबांकडे पाहिलं नाही. आणि न पाहिल्यानेच सगळ्यांना कळलं. बोहुशने नॅपकिनने ओठ पुसले. ओठ कोरडेच होते.

“कोर्नेल, मी ईस्टरनंतर बोलणारच होतो. नीट बसून. तुझा गुडघा, डॉक्टरचा कागद, मागून येणारी विशीतली पोरं... आणि असं बघ, यापेक्षा सुंदर शेवट कुणाला मिळतो? बापाचा नंबर वर, हंगाम संपेपर्यंत तो तू घालतोस, आणि मग घडी घालून ठेवतोस. लोक रडतील.”

“म्हणजे बाबांचा मान हा माझा निरोप होता.”

“दोन्ही! एकाच खर्... एकाच समारंभात!”

“बोहुश,” हेर्मिना म्हणाली, “तू तरुणपणीही असाच होतास. दुसरा आडवा पडला की तू हात वर करायचास.” तासभर आधी हीच बाई कोर्नेलला ‘अकरा मिनिटांचा नवरदेव’ म्हणत होती; आता खुर्ची सरकवून ती त्याच्या बाजूला येऊन बसली.

“आत्या, साहेब काही वाईट मनाने...” झेल्मिरा म्हणाली.

“तू गप. तुला उद्या त्याच ऑफिसात जायचंय, ते दिसतंय.”

सगळे वेंडेलीनकडे पाहू लागले. तो अजून कापडावर हात ठेवून उभा होता. कवळीमुळे त्याचे ओठ जरा पुढे आले होते, आणि तो फोटो काढायला उभा राहिल्यासारखा दिसत होता.

“हॉलमध्ये,” तो हळूच म्हणाला, “ते फार उंचावर असतं. खालून सालं वाचता येत नाहीत.”

ओटिलियाने डोळे मिटले. कोर्नेल मात्र शांतपणे म्हणाला, “बाबांचं बरोबर आहे. कापड जाऊ दे वर. चला, मला दोन तास आधी पोचायचं असतं.”

आणि नेमका तेव्हाच ओटिलियाच्या मनात एक विचार येऊन गेला. पुढच्या वसंतात मी जेवेन. दर रविवारी जेवेन. कुणाच्या जबड्याची, कुणाच्या गुडघ्याची काळजी न करता गरम बदक खाईन. विचार एवढा गोड होता की तिच्या तोंडाला पाणी सुटलं. मुलाच्या तोंडचा घास काढून घेतला जात होता, आणि आईच्या तोंडाला पाणी सुटत होतं. तिला स्वतःची इतकी शरम वाटली की तिने क्रूसाची खूण करायला उचललेला हात अर्ध्यावरच थांबवला.

तो हात मग खिडकीकडे गेला.

“बोहुश, शेवटचा टाका माझा ना?” तिने विचारलं. तिचा आवाज नेहमीचाच, चर्चमध्ये शेजारणीला पान दाखवताना असतो तसा.

“अर्थात, वहिनी! बसा तुम्ही. कोपऱ्यात आहे बघा, मोकळी ठेवलेली किनार.”

ती बसली. चष्मा लावला. कापडाची ती बाजू मांडीवर ओढली आणि छोट्या कात्रीचं टोक ‘चौदा’मधल्या चाराखाली घातलं.

“वहिनी! वहिनी, अहो, ते काय करताय?”

“उसवतेय.”

“मग तिथे सत्त्याऐंशी बसवायला आकडे कुठून आणू? रविवार आहे, शिवणघर बंद!”

“नको बसवूस. रेघ राहू दे.”

“रेघेच्या पुढे काय?”

“काही नाही.”

“लोक विचारतील की!”

“विचारतील,” ओटिलिया म्हणाली. एक टाका तुटला. “तू सांग मग त्यांना.”

कोर्नेल दारात थांबला होता, खांद्यावर पिशवी. “आई, मला कुणाची भीक नको.”

“भीक नाही रे. खेळलास तर खेळ, नाही तर सोड. पण तुझं कधी संपलं ते तू सांगायचं. माझ्या टेबलावर पसरलेल्या कापडाने नाही.”

“वहिनी, हे पाहा,” बोहुश आता अध्यक्षांच्या आवाजात बोलू लागला, “तीन हजार माणसं येणार आहेत. दूरदर्शनवाले आहेत. मी हे असं अर्धवट कापड वर नेऊ शकत नाही.”

“मग मी किनार शिवत नाही,” ओटिलिया म्हणाली.

एवढं बोलून तिने मान खाली घातली. आयुष्यात तिने कुणाला अशी अट घातली नव्हती. देवालासुद्धा घातली तेव्हा किंमत स्वतःच्या पोटावर घेतली होती. आकडे दाट शिवलेले होते, यंत्राने दुहेरी. कापड घसरत होतं. साधा एक आकडा सुटायला तासभर जाईल, मग तीन वाजतील, मग बोहुश पुडकं उचलून चालू लागेल. रिवाज काय, मोडला की मोडतो.

तेवढ्यात कापड एकदम ताठ झालं.

वेंडेलीन समोर गुडघ्यांवर बसला होता. ते दोन्ही गुडघे खाली टेकवायला त्याला टेबलाचा पाय धरावा लागला होता. त्याने कापड दोन्ही मुठींत पकडलं आणि दोन बाजूंना ओढून धरलं, बर्फावर समोरच्याची स्टिक दाबून धरावी तसं.

“काप,” तो म्हणाला.

“वेंडो, तू तरी शहाणपणाने...” बोहुश म्हणाला.

वेंडेलीनने एका हाताने तोंडातली कवळी काढली आणि टेबलावर, बोहुशच्या पेल्याशेजारी ठेवली. दात नसले की त्याचा चेहरा पुन्हा त्याचा होत असे.

“भाषण नाही करत मी. मला जमत नाही, शिट्टी वाजते. झोतात उभा राहीन, हात हलवीन. कापड वर गेलं तर असंच जाईल. नाही तर खाली राहू दे. पाच वाजता तीन हजार लोकांना मी स्वतः सांगेन की का नाही गेलं. त्याला काही दात लागत नाहीत.”

बोहुशने घड्याळ पाहिलं, दाराकडे पाहिलं, झेल्मिराकडे पाहिलं. झेल्मिराने ओठ चावला, मग पर्समधून नखं कापायची लहानशी कात्री काढली आणि आईच्या शेजारी येऊन दुसऱ्या टोकाने ‘दोन’ उसवायला लागली.

“तू माझ्या ऑफिसात आहेस, झेल्मिरा!”

“आज रविवार आहे, साहेब.”

हेर्मिनाने बोहुशच्या पेल्यात स्लिवोवित्सा ओतली. “पी. पुढे खेळणाऱ्याला मागचं काम कळत नाही. तू नुसता बघ.”

बोहुश प्यायला. मग म्हणाला, “वहीतलं... ते पेन्सिलीने लिहिलंय.” आणि दोन्ही कात्र्या चालूच राहिल्यावर, “खोडता येतं.”

“खोडशील तेव्हा खरं,” वेंडेलीन म्हणाला. “हात हलवू नकोस गं, ओटिलिया, सरळ काप.”

तीनला दहा मिनिटं असताना शेवटचा आकडा सुटला. निळ्या कापडावर सुयांच्या भोकांची फिकट खूण तेवढी राहिली. उंचावरून ती खरोखरच दिसली नसती. ओटिलियाने मोकळी किनार शिवली, गाठ मारली आणि दोरा दाताने तोडला. वेंडेलीनला उठायला हात दिला तो कोर्नेलने. दोघांचेही गुडघे एकदमच वाजले.

“फार लवकर आडवे पडलात, बाबा,” कोर्नेल म्हणाला.

“उशीरच झाला,” वेंडेलीन म्हणाला, आणि ज्या सुरात म्हणाला त्यामुळे कुणी हसलं नाही.

मग ते सगळे एकाच गाडीत कोंबून गेले. कापड पुरुषांच्या मांड्यांवर, झेल्मिरा स्टिअरिंगवर, आणि क्लबाचे अध्यक्ष मागच्या सीटवर मधोमध, दोन तुर्चानांच्या कचाट्यात. ओटिलिया कधीच हॉलवर जात नसे. ती रेडिओ ऐके. आज हेर्मिनाही तिच्यासोबत मागे राहिली.

स्वयंपाकघरात हेर्मिनाने ओव्हनमधून झाकलेली ताटली काढली. बदकाचा पाय, कोबी, दोन पोळ्या. तिने दुसरा पाय स्वतःसाठी घेतला नव्हता तर.

“खा,” ती म्हणाली.

“वन्सं, माझं पोट...”

“पोट म्हणे! चाळीस वर्षं तुझं पोट मॅचच्या दिवशीच बरं बिघडतं. मधली अकरा वर्षं कसं गं ठणठणीत होतं? मी काय आंधळी आहे?”

एप्रनवर निळ्या-पांढऱ्या दोऱ्यांचे तुकडे चिकटले होते, ते ओटिलिया एकेक करून वेचू लागली.

“वसंतात सुटली असतीस,” हेर्मिना म्हणाली, या वेळी टोमणा न मारता. “साल लिहिलेलं होतं, स्वच्छ, हातभर मोठ्या आकड्यांत. आणि तू आपल्याच हाताने उसवलंस.”

“हो,” ओटिलिया म्हणाली.

“किती दिवस अजून?”

“कापडावर काही लिहिलेलं नाही, वन्सं.”

ती हसली. तिने वेचलेले दोरे प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवले, बदकाच्या ताटलीवर दुसरी ताटली पालथी घातली, रेडिओ लावला, आणि पावाचा एक कोरडा तुकडा मोडला. मॅच सुरू व्हायला अजून दोन तास होते.